नाकारलेल्या पीककर्जाची नोंद कुठे आहे?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

दरवर्षी खरिपाच्या तोंडावर मुंबईत राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक होते, वर्षाचा पतपुरवठा आराखडा जाहीर होतो आणि तिथून पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यातून ‘उद्दिष्टाच्या अमुक टक्के पीककर्जवाटप’ अशा बातम्या येत राहतात. हा टक्का रुपयांत मोजलेला असतो. किती घरांना कर्ज मिळाले, त्यांत नवे कर्जदार किती, बायकांच्या नावावर किती, एक हेक्टरच्या आतले किती, हे त्यातून कळत नाही. आणि जो शेतकरी शाखेत जाऊन ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढेच ऐकून परतला, तो कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आमचे म्हणणे या शेवटच्या माणसाबद्दल आहे. पीककर्ज नाकारले जाते ते बहुतेक वेळा तोंडी. अर्ज टेबलावर घेतलाच नाही की पोच द्यावी लागत नाही, पोच नाही म्हणून अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणून नकारही नाही. रिझर्व्ह बँकेचे प्राधान्य क्षेत्राचे (म्हणजे शेतीसारख्या, बँकांनी ठरावीक वाटा द्यायच्याच अशा कर्जांचे) निर्देश याच्या नेमके उलट सांगतात: आलेल्या अर्जाची पोच द्यावी, आणि अर्ज कधी आला, मंजूर झाला की फेटाळला, फेटाळला तर का, याची नोंद शाखेने ठेवावी. किसान क्रेडिट कार्डाचा (पीककर्ज याच कार्डावर मिळते) परिपूर्ण अर्ज १४ दिवसांत निकाली काढण्याची सूचना २०१९ पासून आहे. पण हे १४ दिवस मोजायचे कुठून? पोच नसेल तर पहिला दिवसच उगवत नाही.

वाटपाच्या आकड्यात काय काय मिसळलेले असते, ते आधी सांगायला हवे. त्यातला मोठा भाग ‘नवं-जुनं’ असतो. मार्च आला की जुने कर्ज मुद्दल-व्याजासह भरायचे असते. सोयाबीन किंवा कापूस पडत्या भावात विकून झालेला असतो, नाहीतर घरात पडून असतो. मग शेतकरी आडत्याकडून, पाहुण्याकडून किंवा सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी रक्कम उचलतो, खाते भरतो, बँक नवी मंजुरी देते, आणि उचललेली रक्कम त्याच आठवड्यात ज्याची त्याला परत जाते. बँकेच्या तक्त्यात संपूर्ण वसुली आणि संपूर्ण वाटप दिसते. बियाण्याच्या पिशवीसाठी मात्र त्यातून एक रुपयाही सुटलेला नसतो. ज्याच्यामागे आठ दिवस लाखभर रुपये लावणारा कोणी असतो, त्याचे खाते नियमित राहते. ज्याच्यामागे कोणी नाही, तो थकीत ठरतो.

थकीत ठरल्यावर काय जाते? तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के दर आहे. मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत मिळून तो ४ टक्क्यांवर येतो, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्याला ते शून्य टक्क्याने पडते. थकीत माणसाची ही सवलत जातेच, शिवाय पुढच्या हंगामाचे कर्जही थांबते. मग उरतो सावकार. शेकडा ३ रुपये महिना या दराने ५० हजार आठ महिन्यांसाठी घेतले तर नुसते व्याज १२ हजार होते. बांधापलीकडच्या शेजाऱ्याला तेवढेच पैसे बिनव्याजी पडलेले असतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली शेतकऱ्याच्या तारण कर्जाला वर्षाला ९ आणि विनातारण कर्जाला १२ टक्के ही कमाल मर्यादा आहे. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६. परवाना नसलेला सावकार या मर्यादेची फिकीर करत नाही आणि गरजवंत त्याच्याविरुद्ध जिल्हा उपनिबंधकाकडे जात नाही, कारण पुढच्या जूनमध्ये त्याच दारात उभे राहायचे असते.

हीच दरी पुष्कळदा एकाच घरात असते. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून शून्य टक्क्याचे कर्ज त्याला. बायको त्याच शेतात राबते, पण तिच्या नावावर जमीन नाही, म्हणून तिला बचत गट किंवा मायक्रोफायनान्स कंपनी. कंपनीचा दर वीस टक्क्यांच्या वर आणि हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा महिन्याचा. सोयाबीनचा पैसा येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जुलैतला हप्ता मजुरीतून किंवा दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून जातो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. शेतात प्रत्यक्ष हात किती बायकांचे असतात, ते कुठल्याही गावाच्या शिवारात लावणीच्या दिवशी पाहावे.

आता हक्काचे किती, तेही एकदा मांडू, कारण शाखेत बसलेला माणूस सांगेल तो आकडा शेतकरी निमूट मान्य करतो. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरते ती जिल्हा तांत्रिक समितीने पीकनिहाय ठरवलेल्या हेक्टरी कर्जदरावरून, म्हणजे हेक्टरमागे किती कर्ज द्यायचे त्या रकमेवरून. उदाहरणापुरता हा दर हेक्टरी ६० हजार धरू. जमीन दोन एकर, म्हणजे साधारण ०.८० हेक्टर. पीक खर्चाचे झाले ४८ हजार. काढणीनंतरचा आणि घरखर्च म्हणून त्यात १० टक्के मिळवायचे, ४,८०० रुपये. शेतीसाधनांची देखभाल-दुरुस्ती म्हणून २० टक्के, ९,६०० रुपये. एकूण ६२,४००, शिवाय पीक विम्याचा हप्ता. कार्ड पाच वर्षांचे असते आणि मर्यादा दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते: दुसऱ्या वर्षी ६८,६४०, तिसऱ्या वर्षी ७५,५०४, आणि पाचव्या वर्षी ९१ हजारांच्या वर. प्रत्यक्षात अनेक शाखा फक्त ४८ हजारांवर थांबतात, १० आणि २० टक्क्यांचे भाग धरतच नाहीत आणि दरवर्षीची वाढही देत नाहीत. बोअरवेलची मोटर जळाली की तिच्या रिवाइंडिंगला पैसे सावकाराकडून येतात, ते या वीस टक्क्यांच्या न मिळण्यामुळे.

तारणाचेही तसेच. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही; त्याआधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. तरीही दीड लाखासाठी गहाणखत मागितले जाते, जमिनीच्या मालकीचा वकिलाचा शोध अहवाल मागितला जातो, आणि त्याचा खर्च अर्जदाराच्या माथी. अल्पभूधारकाला कर्जाआधीच पाच-सात हजारांचा खर्च आणि चार खेटे पडले, तर तो पुन्हा शाखेची पायरी चढत नाही. उलट, वसुलीची हमी बांधलेली असेल तर बँक तीन लाखांपर्यंत विनातारण देऊ शकते. याचा फायदा कोणाला? ज्याचा ऊस कारखान्याला जातो त्याला, कारण कर्जाची रक्कम ऊसबिलातून परस्पर वळती होते. कोरडवाहू कापूस खुल्या बाजारात विकणाऱ्याच्या मागे असा कारखाना नाही. पाणी आहे त्याच्या मागे पत आली, आणि पत आली की पुन्हा पाणी.

सहकारी साखळीत वेगळीच अडचण आहे. गावच्या सहकारी सोसायटीचा गटसचिव दरवर्षी कर्ज मर्यादा पत्रक तयार करतो, जिल्हा बँक ते मंजूर करते आणि पैसे सोसायटीमार्फत सभासदाला मिळतात. सभासदांकडून सोसायटीचे जेवढे येणे आहे त्यापेक्षा बँकेचे सोसायटीकडे येणे जास्त झाले, की ती ‘अनिष्ट तफावती’त गेली म्हणतात. अशा सोसायटीला बँक नवे पैसे द्यायला तयार नसते. मग ज्याने पै-पै फेडली त्या सभासदालाही कर्ज नाही. चूक संस्थेच्या हिशेबाची आणि शिक्षा नियमित फेडणाऱ्याला. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या जिल्हा बँका कोलमडल्या तेव्हा हे अख्ख्या जिल्ह्यांच्या पातळीवर घडले. तिथला सोसायटीचा सभासद राष्ट्रीयीकृत बँकेकडे वळला, तर तिथे त्याला ‘तुमचे गाव आमच्याकडे दत्तक नाही’ हे उत्तर. शासकीय योजना सोडल्या तर सेवाक्षेत्राचे, म्हणजे ठरलेल्या गावांनाच कर्ज देण्याचे, बंधन रिझर्व्ह बँकेने २००४ मध्येच काढले आहे. तसेच आजूबाजूच्या आठ-दहा बँकांचे बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचे) दाखले आणायला सांगणे. ग्रामीण आणि निमशहरी भागातल्या वैयक्तिक कर्जदाराकडून हे दाखले मागू नयेत, असे २०१५ मध्येच सांगितले गेले आहे; स्वयंघोषणापत्र पुरते.

सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या पतगुणांचा, मुद्दा अलीकडे फार जाचक झाला आहे. पीककर्जाला सिबिलची अट घालू नका, असे राज्य सरकार बँकांना दरवर्षी बजावते, आणि शाखेत संगणक तोच आकडा समोर आणतो. एकरकमी परतफेडीत तडजोड करून खाते बंद केलेल्या शेतकऱ्याच्या नावापुढे ‘तडजोडीने मिटवले’ असा शेरा राहतो. भावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेल्याच्या नावावर ती थकबाकी दिसते. तडजोड बँकेनेच देऊ केलेली असते, पत्रावर तिचीच मोहोर असते, आणि पुढच्या हंगामात त्याच कागदावर बोट ठेवून कर्ज नाकारले जाते.

ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्यांचे काय? बटाईने, खंडाने, मक्त्याने, अर्धेलीने जमीन कसणाऱ्याला किसान क्रेडिट कार्ड मिळू शकते. तोंडी कराराने कसणारा आणि वाटेकरी दोघेही योजनेत पात्र आहेत. कागदाऐवजी ग्रामपंचायतीचा किंवा स्थानिक प्रशासनाचा दाखला बँकेला स्वीकारता येतो. चार ते दहा जणांचा संयुक्त दायित्व गट करून कर्ज देण्याची नाबार्डची पद्धतही जुनी आहे. अडते ते गावात. मालक दाखल्याला तयार होत नाही, कारण कूळकायद्याची भीती अजून गेलेली नाही. १ एप्रिल १९५७, म्हणजे कसणारी कुळे मालक झाली त्या दिवसाची आठवण जमीनमालकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मालकाशिवाय दुसरे कोणी कसत असेल तर त्याची नोंद घ्यायला गाव नमुना ७-ब आहे, पण तो बहुतेक गावांत कोराच असतो. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये कायदा करून कसणाऱ्यांना मालकी हक्काला धक्का न लावता कर्जपात्रतेची कार्डे दिली. आपल्याकडे आता शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तो सातबाऱ्याशी जोडला गेला. म्हणजे बटाईदार आजवर कागदावर नव्हता, आता संगणकातही नाही.

मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जव्हार-मोखाड्यात, वनहक्काचे पट्टे आहेत. २००६ च्या कायद्याने ते पती-पत्नीच्या संयुक्त नावे, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मिळतात. वारसाने पुढे जातात, पण विकता किंवा गहाण ठेवता येत नाहीत. बँक म्हणते, गहाण ठेवता येत नाही तर कर्ज कसे देऊ. दोन लाखांपर्यंत तारण घ्यायचेच नसेल तर हा आक्षेप उरतो कुठे? नाचणी, वरई आणि भात पिकवणाऱ्या त्या घरांची गरज दोन लाखांच्या कितीतरी आत असते.

मुंबईच्या वाचकांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. कोकण, सातारा, सांगली, पुणे जिल्ह्याचा डोंगरी भाग, इथल्या असंख्य सातबाऱ्यांवर मुंबईकरांची नावे आहेत. आजोबा किंवा वडील गेले, वारस लागले, उताऱ्यावर आठ-दहा नावे आली. कसतो एक भाऊ, किंवा मागे राहिलेली वहिनी. बँक सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागते. संमती नसेल तर कर्ज फक्त कसणाऱ्याच्या हिश्शापुरते. दोन हेक्टरच्या उताऱ्यावर आठ नावे असतील तर तो हिस्सा २५ आर भरतो. वरच्याच उदाहरणाच्या दराने १५ हजार रुपये. लालबाग, डोंबिवली, विरार, नालासोपारा इथले भाऊ-बहिणी सह्या करायला गावी जातात ते गणपतीला. तोवर भाताची लावणी होऊन महिना उलटलेला असतो, आणि खतासाठी सावकाराचे पैसे घेऊन झालेले असतात.

हे मुंबईत बसून बरेचसे सोडवता येते. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढावा आणि मयतांची नावे अजून आहेत का ते पाहावे. असतील तर वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’वरून करता येतो, सोबत मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती लागते. नोटीस निघाल्यावर १५ दिवस हरकतीसाठी असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत महसूल खाते हे काम स्वतःहूनही करते आहे, पण गावी कोणी पाठपुरावा केला तरच नोंद मार्गी लागते. उताऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी जुनी नोंद राहिली असेल तर थोरल्या भावाचेच नाव दिसते आणि बाकीच्यांचे हक्क झाकलेले राहतात. ती वेगळ्या अर्जाने कमी करून घ्यावी लागते. सर्व सहमत असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी करून कसणाऱ्याचा वेगळा पोटहिस्सा करणे सर्वांत पक्के. शेतजमिनीच्या अशा वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला आहे. आणि पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायला १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्यामागे तिला सासरे-दिरांच्या संमतीची वाट पाहावी लागू नये यासाठी एवढा एकच फेरफार पुष्कळ आहे.

वाटणी लगेच होणार नसेल तर संमतीपत्र एप्रिल-मेमध्येच करून पाठवावे. सही करण्यापूर्वी त्या कागदावर आपल्याला काय म्हटले आहे ते वाचावे: ‘संमतीदार’, ‘सहकर्जदार’ की ‘जामीनदार’. शेवटच्या दोन्हींत ते कर्ज तुमच्याही पतअहवालात येते आणि मुंबईतल्या घरकर्जाच्या वेळी दिसते. पुष्कळ भाऊ याच भीतीने सही टाळतात. नुसत्या संमतीला ही भीती नाही. जमिनीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढू शकतो, तो कर्ज फिटल्यावर उतरतो. तो उतरवून घेणे मात्र विसरू नये, कारण बँकेचे पत्र तलाठ्याकडे पोचले नाही तर बोजा वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि पुढच्या अर्जाला आडवा येतो.

मुंबईच्या पतपुरवठ्याबद्दलही लिहायला हवे. बँकांनी समायोजित निव्वळ कर्जाच्या (ढोबळमानाने बँकेच्या एकूण कर्जाच्या) १८ टक्के शेतीला द्यावेत, आणि त्या अठरांपैकी १० टक्के अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. शीतगृह किंवा अन्नप्रक्रिया उद्योगाला दिलेले शंभर कोटींपर्यंतचे कर्जही या १८ टक्क्यांत धरले जाते, आणि अशा कंपन्यांची खाती नरिमन पॉइंट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शाखांत असतात. एका शंभर कोटींत वरच्या हिशेबाची सोळा हजार घरे बसतात. शीतगृहे हवीत, पण ती पीककर्जाच्या जागी मोजू नयेत. छोट्या शेतकऱ्यांचे १० टक्के वेगळे असले तरी २०१६ पासून कमी पडलेली बँक जास्त दिलेल्या बँकेकडून त्या जास्तीच्या कर्जाचे प्रमाणपत्र विकत घेऊन उद्दिष्ट भरून काढू शकते. तरीही कमी पडले तर रक्कम नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीत जाते. त्यातून रस्ते-पूल होतात. ज्या शाखेने शेतकऱ्याला परत पाठवले, तिथे त्याला काही मिळत नाही.

व्यापारी बँकेने अर्ज नाकारला तर शेतकऱ्याने काय करावे, हेही थोडक्यात. अर्ज दोन प्रतींत द्यावा, दुसरीवर तारखेसह शिक्का घ्यावा. शिक्का नाकारला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. पंधरा दिवसांत उत्तर नाही तर बँकेकडे लेखी तक्रार, प्रत अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या) जिल्हा व्यवस्थापकाला. तीस दिवस उलटले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे; १४४४८ हा त्यांचा माहितीचा क्रमांक. हे सारे पेरणीच्या मोसमात एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही, म्हणून अर्ज मार्चमध्येच द्यावा आणि शक्यतो गावातल्या आठ-दहा जणांनी एकत्र द्यावा. एकत्र आलेले अर्ज तोंडी परत पाठवणे अवघड जाते.

तुमच्या वर्तमानपत्राकडे आमची एक विनंती आहे. यंदा वाटपाच्या टक्क्याची बातमी देताना प्रत्येक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे आणखी चार आकडे मागा: किती अर्ज आले, किती फेटाळले आणि कोणत्या कारणाने, वाटपातले नवे कर्जदार किती आणि नूतनीकरण किती, आणि त्यात एक हेक्टरच्या आतले व स्त्री खातेदार किती. हे चारही शाखेच्या संगणकात काढता येतात. दुसऱ्या आकड्याच्या, म्हणजे फेटाळलेल्या अर्जांच्या, रकान्यात शून्य लिहून आले, तर तेच छापा.

आपले,
शेतीकर्जाच्या कामाशी संबंधित काही वाचक,
दादर, मुंबई